मराठी बायबल घेताना यिर्मया २९ उघडा

दुकानात मराठी बायबल हातात घेतलं की बहुतेक जण आधी कव्हर बघतात, मग चेन नीट लागते का ते. त्याऐवजी जुन्या करारातल्या यिर्मया या पुस्तकाचा २९ वा अध्याय काढा. त्यातलं ११ वं वचन सगळ्यांना पाठ असतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वाढदिवसाच्या कार्डावर, दिनदर्शिकेवर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला हेच वचन. पण त्याच्या अगदी डोक्यावर, १० व्या वचनात, घरी परतण्याआधीच्या ७० वर्षांचा हिशेब मांडलेला आहे, आणि ७ व्यात सांगितलंय की ज्या नगरात तुम्हाला बंदिवान करून नेलं त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते नगर म्हणजे बाबेल, म्हणजे बॅबिलोन. ज्यांनी घरदार सोडायला लावलं त्यांचंच शहर.

देवाचं म्हणणं ऐकणं (११ वं वचन) आणि माणसांची सेवा (७ वं) या दोन गोष्टी इथे चार वचनांच्या अंतरावर आहेत. म्हणून बायबल विकत घेताना, ॲप उतरवताना किंवा ऑडिओ निवडताना कसोटी एकच ठेवावी: ७, १० आणि ११ ही तिन्ही वचनं यात एका दमात भेटतात का?

छापील प्रतींपासून सुरुवात करू. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेक ठिकाणी व्यासपीठावरून वाचलं जातं ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’, आरव्ही म्हणजे रिव्हाइज्ड व्हर्जन. रविवारी पाळकसाहेब वाचतात तेच शब्द सोमवारी घरी समोर येतात, हा याचा मोठा फायदा. भाषा भारदस्त आहे. नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, पवित्रीकरण असे शब्द एकामागून एक येतात आणि नवख्या वाचकाचा दम लागतो. पण हीच भाषा कानात बसते. स्तोत्र २३ मधलं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढं म्हणून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशी थांबून बघा. ‘मला काही उणे पडणार नाही’ हे समोरून येतं, बरेचदा डोळे मिटलेले असताना. नव्या, सोप्या भाषांतरात हे घडत नाही, कारण ते शब्द त्यांच्या लहानपणाचे नसतात.

सोसायटीचीच सीएल, म्हणजे कॉमन लँग्वेज, आवृत्ती वाचायला हलकी आहे. शाळकरी मुलांना आणि मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळतात अशा परदेशातल्या घरांना हीच द्यावी. पाठांतरासाठी मात्र आरव्ही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ हे तिसरं नाव. त्यांच्या नव्या कराराच्या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे, आणि उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भाषेवरून ते कळतं. ओघ साहित्यिक मराठीचा आहे, चर्चच्या परिभाषेचा भार कमी आहे. ख्रिस्ती नसलेल्या मित्राने ‘येशूचं मुळात काय म्हणणं होतं ते वाचायचंय’ असं म्हटलं तर हे द्यायला संकोच वाटत नाही.

भेट देताना एक चूक हमखास होते. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलात ७३. वसईच्या कॅथलिक घरात लग्नाची भेट म्हणून ६६ वालं दिलं तर जुन्या करारातली सात पुस्तकं कमी पडतात, आणि कोणी तोंडावर सांगत नाही. अनुक्रमणिका मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता अक्षर. इंग्रजीत चालून जाणारा टाइप देवनागरीत चालत नाही, कारण इथे ओळीच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. लहान टाइपात पहिला जातो तो अनुस्वार. मूळ शब्द ‘त्याचे’ आहे की ‘त्यांचे’ हे संदर्भाने ओळखावं लागतं, आणि स्तोत्रांत ते नेहमी ओळखता येतंच असं नाही. दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली सगळंच स्पष्ट दिसतं, म्हणून प्रत दाराशी नेऊन हातभर अंतरावर धरा. मधल्या संदर्भांचे बारीक आकडे वाचता आले नाहीत तरी चालेल, वचनांचे क्रमांक दिसलेच पाहिजेत. येशूचे शब्द लाल शाईत छापलेली प्रत दिसायला छान, पण पातळ कागदावरचं लाल अक्षर पिवळ्या बल्बखाली फिकं पडतं. घरात साठीपुढचं कोणी असेल तर काळीच घ्या, मोठ्या टाइपाची, वजन कितीही होवो. चेनवाल्या खिशातल्या प्रती प्रवासाला ठीक आहेत. रोज सकाळच्या वाचनाला त्या घेतल्या की वाचन कमी होत जातं, आणि दोष भक्तीला दिला जातो. दोष टाइपाचा असतो.

कागद पातळ असल्याने जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते. साधी पेन्सिल किंवा मेणासारखा कोरडा हायलायटर वापरा आणि लिहिताना खाली जाड कागद सरकवा. नवी प्रत मधेच फाडकन उघडू नये. टेबलावर पाठीवर ठेवून पुढून दहा पानं, मागून दहा पानं अशी दोन्ही बाजूंनी दाबत मध्यापर्यंत यावं. नाहीतर शिवण एका जागी मोडते आणि बायबल कायम स्तोत्रसंहितेवरच उघडतं. (त्याहून वाईट जागा असू शकतात, पण तरीही.)

यिर्मया २९ ची परीक्षा छापील प्रती सहज पास होतात. समोरासमोरच्या दोन पानांवर जवळजवळ अख्खा अध्याय दिसतो. ११ व्या वचनावर बोट ठेवलं तरी डोळ्याच्या कोपऱ्यात ७ वं असतंच.

मोबाइलवर बहुतेकांकडे यूव्हर्जन हे बायबलचं ॲप असतं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या लाइफ.चर्चने २००८ मध्ये काढलेलं, फुकट, जाहिराती नाहीत. आरव्ही, सीएल आणि आयआरव्ही (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) अशा मराठी आवृत्त्या त्यात आहेत, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ताडता येतात, शब्दाचा शोध घेता येतो. अभ्यासाला उत्तम. देवाचं ऐकण्याच्या वेळेला मात्र दोन अडचणी. पहिली ‘आजचं वचन’. ते चौकटीत, सुंदर चित्रावर, एकटं येतं. ११ वं वचन येतं, ७० वर्षं येत नाहीत, बाबेल येत नाही. उपाय सोपा आहे: चित्रावर थांबू नका, वचनाच्या संदर्भावर बोट लावून पूर्ण अध्याय उघडा आणि निदान आधीची दहा वचनं वाचा. दुसरी अडचण ॲपची नाही, फोनची आहे. वाचायच्या आधी विमान मोड लावा. त्यासाठी मजकूर आधी उतरवून ठेवावा लागतो, आणि ती सोय आवृत्तीगणिक वेगळी असते, ती तपासूनच आवृत्ती निवडा. सलग किती दिवस वाचलं याचा आकडा ॲप दाखवतं. तो आकडा वाचवायला रात्री पावणेबाराला एक वचन उघडून मिटायची सवय लागली असेल, तर ती सूचना बंद करा.

ऐकण्यासाठी बायबल डॉट इज हे ॲप. हे फेथ कम्स बाय हिअरिंग या संस्थेचं. मराठी नवा करार ऐकताना जाणवतं की एक माणूस एक अध्याय वाचतो तेव्हा कोणी एखादंच वचन उचलून बाकीचं टाकू शकत नाही. नाट्यरूपात पात्रांचे आवाज वेगळे असतात, मागे संगीत असतं. मार्क आणि प्रेषितांची कृत्ये या गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांना ते शोभतं. पत्रांना नाही, तिथे संगीत मधे येतं. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच ऐकले की ५२ आठवड्यांत बरोबर संपतो, शनिवार-रविवार मोकळा. स्वयंपाक करताना लावला तर कानावरून जातो, हे आधीच मान्य करावं. कुकरच्या शिट्टीत रोमकरांस पत्र समजत नाही. उठल्यावर, चहाच्या आधी, एकच अध्याय, दोनदा.

वाचून किंवा ऐकून झाल्यावर काय करायचं हे कुठलंच बायबल आणि कुठलंच ॲप नीट शिकवत नाही, म्हणून चाळीस पानी वही हा या परीक्षणातला सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी ऐवज. चार रकाने आखा: तारीख, संदर्भ, एक ओळ, एक काम. वीस मिनिटं पुरतात. दोन मिनिटं गप्प बसा, अध्याय मोठ्याने दोनदा वाचा, पाच मिनिटं थांबा, मग लिहा. चौथ्या रकान्यात ‘सगळ्यांवर प्रेम करीन’ असं लिहिलं तर तो रकाना रिकामाच समजा. ‘शेजारच्या आजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे, गुरुवार, साडेदहा’ हे काम झालं. शनिवारी रात्री चारही रकाने वाचून झालेल्या कामावर खूण करा. महिनाभरात एकही खूण नसेल तर वाचन बदलायची गरज नाही, कामं लहान करायची गरज आहे.

‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य जपून वापरावं. १ शमुवेल ३ मध्ये देव रात्री हाक मारतो तेव्हा लहानगा शमुवेल तीनदा म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, धावत जातो, हाक कोणाची ते त्याला कळत नाही, ते एली ओळखतो. म्हणजे ऐकणारा एक आणि पारखणारा दुसरा. वहीतली मोठी गोष्ट, नोकरी सोडणं, लग्न, पैसे देणं, मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय करू नये. आणि ऐकलेल्या आज्ञेची किंमत दरवेळी दुसऱ्यालाच मोजावी लागत असेल, तर बहुधा आवाज आपलाच आहे.

रुग्णालयात वचन वाचायला जाणाऱ्यांनी छापील प्रत न्यावी. फोनवरून वाचलं की रुग्णाला वाटतं तुम्ही मेसेज बघताय. आधी सिस्टरांना विचारा, मग रुग्णाला, आणि तो ख्रिस्ती नसेल तर त्याने स्वतः म्हटल्याशिवाय बायबल पिशवीतून काढूच नका. आधी पाणी भरा, औषधाची चिठ्ठी घेऊन खालच्या काउंटरच्या रांगेत उभे राहा, नातेवाइकाला अर्धा तास जेवायला मोकळं करा. वाचायचं झालं तर बसून, त्यांच्या कानाच्या उंचीवर. स्तोत्र २३ सहा वचनांचं आहे, १२१ आठ वचनांचं, ४६ अकरा. याहून मोठं नको. अंधारातच संपणारं स्तोत्र ८८ कितीही खरं असलं तरी आयसीयूच्या दाराशी वाचायचं नाही. वाचून झाल्यावर त्यावर बोलू नका.

ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्यांच्यासाठी मेमरी कार्डवर चालणारा लहान स्पीकर लागतो, आणि इथे आयआरव्ही कामी येतं. हे मराठी भाषांतर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यावर आहे. श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून ते छापता येतं, ध्वनिमुद्रित करता येतं. बायबल सोसायटीच्या मजकुराचे हक्क राखीव आहेत, त्याच्या प्रती काढून वाटू नयेत. त्यामुळे प्रार्थना बैठकीसाठी २४ पॉइंटात छापलेलं स्तोत्र हवं असेल, किंवा मंडळीतल्या एखाद्या तरुणीच्या आवाजात मार्कचं शुभवर्तमान हवं असेल, तर आयआरव्हीच घ्या. साध्या, बोलत्या मराठीत शास्त्र आणण्याचा ध्यास जुना आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून निघालं, तेही कमी शिकलेल्या बायाबापड्यांसाठीच.

मार्कचे १६ अध्याय वाचायला साधारण दोन तास धरा, चुका पुन्हा वाचण्याचा वेळ वेगळा. पंखा बंद, खिडक्या बंद, समोर घडी घातलेली गोधडी, फोन तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ च्या फुंकरा माइकवर आदळत नाहीत. प्रत्येक अध्यायाची वेगळी फाइल करा आणि नावाच्या सुरुवातीला तीन आकडी क्रमांक द्या, ००१, ००२ असा. नाहीतर पहिल्या अध्यायानंतर थेट दहावा वाजतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपलीच झोप लागली होती. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं घ्या, स्वस्त स्पीकर त्याहून मोठं बरेचदा ओळखत नाहीत. बंद केल्यावर कुठे थांबलो होतो हे पुष्कळ स्पीकर विसरतात, म्हणून कार्डावर एका वेळी एकच पुस्तक ठेवा. आणि देण्याआधी चालू-बंदच्या बटणावर फेव्हिकॉलचा एक थेंब वाळवून ठेवा. अंधारात बोटाला तो लागतो.