१८० रुपयांचा दगड आणि ६० रुपयांची सुरी

रोज वीस डबे जातात माझ्याकडून. सकाळी सातच्या आत साडेतीन-चार किलो भाजी चिरून व्हायला हवी. बोथट सुरीने टोमॅटो चिरत नाही, चेचतो. भेंडीचं तर बोलूच नका.

आधी मी ऑनलाइन ते खाचेत सुरी घालून ओढायचं यंत्र मागवलं होतं, ३५० रुपयांचं. चार दिवस खूश होते. पण ते धार लावत नाही, पातं खरवडतं. ओट्यावर चुरा, कड करवतीसारखी, आणि पाचव्या दिवशी सुरी परत होती तशी.

मग पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन कार्बोरंडमचा धार लावायचा दगड आणला. आठ इंची, एक बाजू खरखरीत, दुसरी त्यामानाने बारीक, १८० रुपये. खोक्यात सूचनांचा कपटासुद्धा नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी दगड ओट्यावरून सरकला आणि अंगठा कापला. आता खाली ओला फडका घालते.

दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचा. खरी मेख दगड आणि पात्यामधल्या कोनात आहे. माझी सुरी जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद. तिची पाठ पेन्सिलीच्या जाडीएवढी उचलली की कोन बरोबर बसतो. पहिल्या चार-पाच घासांना मी पेन्सिल शेजारी ठेवते, मग हाताला कळतं. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. (बोट पाठीकडून कडेच्या बाहेर फिरवायचं, कडेवरून लांबीने नाही!) आमचे हे टर्नर होते, लेथवर काम करायचे. घासून पलीकडे वळलेल्या या कडेला ते 'बर' म्हणतात. ती पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे लागली तरच सुरी उलटायची. मी आधी अंदाजाने वीस-वीस घास मारत होते आणि दगडाला नावं ठेवत होते.

खरखरीत बाजू फक्त खांडं पडलेल्या सुरीला. नाहीतर पोलाद फुकट जातं.

दगडाची खोट एकच, पण मोठी: बारीक बाजू पुरेशी बारीक नाही. कांदा सुरेख चिरतो, पण पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर सुरी अडते. त्यावर उपाय रंगाच्या दुकानात मिळाला, १००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर. फरशीच्या तुकड्यावर ओला चिकटवायचा आणि सुरी हलक्या हाताने मागे ओढायची, कड पुढे ढकलली की कागद फाटतो. शेवटी यांच्या जुन्या चामडी पट्ट्यावर दहा वेळा. आता टोमॅटोवर सुरी नुसती टेकवून ओढली तरी साल तुटते.

पंधरा दिवसांतून एकदा, वीस मिनिटं. मधे एखाद्या दिवशी चिनी मातीच्या कपाच्या बुडाची न चकाकणारी कड चालते. आई विळी मागच्या दारच्या पायरीवर घासायची, तसलंच ते.

विळीला हा दगड जमतो का? पातं जागचं हलत नाही, म्हणून दगड हातात धरून फिरवावा लागतो, आणि माझा कोन दर वेळी चुकतो. विळी मी अजून सायकलवरच्या धारवाल्यालाच देते. दात्यांच्या ब्रेडच्या सुरीवर मात्र हा दगड चालवूच नका, दाते सपाट होतात. माझी तशी एक आहे, आता तिने केळी चिरते.

पाचपैकी चार.