ब्राउन काउंटी, इंडियाना: स्वतःची घोडी घेऊन तीन रात्री

आम्ही अमेरिकेत ओहायोतल्या सिनसिनाटीजवळ राहतो, घोडी घेऊन चार वर्षं झाली, पण तिला घेऊन बाहेर मुक्काम करायचं धाडस काही होत नव्हतं. या ऑक्टोबरमध्ये शेवटी गेलो. मी, माझी चौदा वर्षांची लेक, आमची बिजली आणि पागेतल्या मैत्रिणीचा एक म्हातारा शांत घोडा लेकीसाठी. जागा ब्राउन काउंटी स्टेट पार्क, इंडियाना, तिथलं घोडेवाल्यांचं कॅम्पग्राउंड. गुरुवार ते रविवार राहिलो आणि मला जागा इतकी आवडली की सविस्तर लिहितेय, कारण मराठीत याबद्दल मला काहीच सापडलं नव्हतं.

आधी एक, पार्कजवळच्या गावाचं नाव नॅशव्हिल, पण हे नॅशव्हिल इंडियानातलं, टेनेसीतलं नाही, जीपीएसमध्ये नीट बघून टाका. आम्ही आय-74 हायवेने ग्रीन्सबर्ग आणि मग 46 नंबरचा रस्ता धरून कोलंबसवरून गेलो. इंडियाना म्हटलं की सपाट मक्याची शेतंच डोळ्यासमोर येतात ना, इथे मात्र हिमयुगातला बर्फ पोचलाच नाही त्यामुळे टेकड्या तशाच राहिल्यात, सगळ्यात उंच वीड पॅच हिल 1,058 फूट. आपल्या सह्याद्रीपुढे काहीच नाही, पण घोड्याला मात्र चढउतार भरपूर, दिवसभरात चांगला दम निघतो.

पार्क 1929 सालचं आणि जवळजवळ 16,000 एकरांचं आहे, राज्यातलं सगळ्यात मोठं, आणि त्यात घोड्यांच्या वाटा साधारण 70 मैल. माउंटन बाईकवाल्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट. वळणावरून सायकल सुसाट खाली आली की बिजली बिथरते, इथे तीन दिवसांत एकदाही तसं झालं नाही.

उत्तरेच्या गेटवर जुना लाकडी छप्पर असलेला पूल आहे, 1838 चा, 1932 मध्ये दुसरीकडून आणून इथे बसवला. बघायला जरूर जा पण गाडीने. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडलेला घोड्यांचा डबा, घेऊन त्या बाजूला वळूच नका, पुलाची उंचीही कमी आणि वजनाची मर्यादाही कमी. घोड्यांच्या कॅम्पचं गेट वेगळं आहे, 135 नंबरच्या रस्त्यावर. मला हे आधी माहीत होतं म्हणून बरं, अरुंद रस्त्यावर दोन घोडे भरलेला ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली असती तर रडू फुटलं असतं.

कागदपत्रांचं सांगते कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह रिपोर्ट बारा महिन्यांच्या आतला हवा आणि व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट तीस दिवसांच्या आतलं. तारखा आठवडाभर आधी तपासा, आदल्या दिवशी नको. जळणाचं लाकूड पण घरून सालासकट आणू नका, झाडं पोखरणाऱ्या किड्यांमुळे चालत नाही, तिथेच घ्या.

साइट दोन प्रकारच्या, विजेच्या आणि बिनविजेच्या. आम्ही विजेची घेतली, ऑक्टोबरात पहाटे चांगलीच थंडी असते. घोडे बांधायची सोय आहे, पण मी बिजलीला आमच्या ट्रेलरलाच बांधलं, ट्रेलरला वरून एक लांब हात बसवलाय त्यामुळे दोरी डोक्यावर राहते आणि घोडा फिरू शकतो, आडवाही होऊ शकतो, पाय अडकत नाही. शेजारच्या साइटवर एक सत्तरीच्या बाई दोन घोडे घेऊन एकट्या आल्या होत्या, त्यांनी माझी गाठ बघितली आणि काही न बोलता सोडून परत बांधून दाखवली, सुरगाठ, एक टोक ओढलं की क्षणात मोकळी. ‘घोडा घाबरला तर तुला दोन सेकंदच मिळतात’ एवढंच म्हणाल्या. मग मी आणि लेकीने संध्याकाळभर तीच गाठ बांधून सोडून हात बसवला.

आता पाण्याचं. घोड्याला दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी लागतं आणि अनोळखी चवीचं पाणी कित्येक घोडे पीतच नाहीत, मग पोट धरतं, आणि घोड्याचं पोट धरणं म्हणजे जिवावरचं दुखणं. इकडचे लोक सफरचंदाचा रस घालतात. मी आठवडाभर आधीपासून घरीच बादलीत गुळाचा छोटा खडा विरघळवून द्यायला लागले, तिथेही तसंच. पहिल्या संध्याकाळी बिजलीने तोंड घातलं, वर काढलं, ओठ हलवत उभी राहिली, नाकपुड्या फुगवल्या, मी श्वास रोखून बघतेय, आणि मग परत मान खाली घालून सरळ अर्धी बादली संपवली. मला तेव्हा जे सुटल्यासारखं वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही.

तक्रार एकच आणि ती कॅम्पची नाही. ट्रेलरमध्ये जागा कमी म्हणून निम्मी वैरण वाटेतल्या एका फीडच्या दुकानातून घेतली. वरून हिरवीगार, छान वास, कॅम्पवर जाऊन गठ्ठा उघडला तर आत पांढरी बुरशी, हात लावला की धूर उडावा तशी धूळ. असलं गवत घोड्याच्या फुफ्फुसाला आणि पोटाला दोन्हीला वाईट. दोन्ही गठ्ठे टाकून दिले, पैसे गेले ते गेले. दुसऱ्या दिवशी त्याच शेजारच्या बाईंनी आपल्यातलं गवत दिलं, ते मी घरच्या गवतात थोडं थोडं मिसळूनच घातलं कारण वैरण एकदम बदलणं पण धोक्याचंच. तेव्हा कृपा करून वैरण घरचीच न्या, पूर्ण दिवसांची आणि वर एका दिवसाची जास्त. आमच्या साडेचारशे किलोच्या घोडीला दिवसाला आठ-नऊ किलो लागतं, त्या हिशोबाने भरा.

वाटांबद्दल किती लिहू. शुक्रवारी सकाळी नऊला निघालो, ओकची झाडं लाल-तपकिरी, मेपल पिवळे, खाली पानांचा एवढा थर की टापांचा आवाजच येत नव्हता, फक्त खोगिराची करकर आणि मधूनच घोड्याचं फुरफुरणं. ओढे बरेच ओलांडावे लागतात. बिजली पहिल्या ओढ्यापाशी अडून बसली, तिला ढकललं नाही, म्हातारा घोडा पुढे गेला आणि ती त्याच्या मागोमाग आली. जमीन चिकणमातीची आहे, पाऊस पडला की उतार निसरडे होतात, त्यामुळे हवामान बघून जा आणि घोड्याच्या पायात नाल चांगले असू द्या. ओढ्यात गोटे पण खूप. दुपारी बिजली मागच्या उजव्या पायाने किंचित लंगडायला लागली, उतरून खूर उचलला तर नालाच्या कडेला लिंबाएवढा गोटा रुतून बसलेला, खूर साफ करायचा हूक घालून काढला, खुरावर बोट दाबून बघितलं, तिने पाय ओढला नाही म्हणजे आत दुखत नव्हतं, दहा मिनिटं पायी चालवलं आणि मग बसले. हूक खिशात ठेवा, ट्रेलरमध्ये ठेवून उपयोग नाही. आणि संध्याकाळी गोचिडी बघा, घोड्याच्या आयाळीत, शेपटीच्या मुळाशी आणि आपल्या मोज्यातही. या जंगलात कॉपरहेड आणि रॅटलस्नेक हे विषारी साप आहेत, आम्हाला दिसले नाहीत, पण ओंडक्यापलीकडे न बघता पाय टाकू नका.

माझे आजोबा शहाद्याचे, लहानपणी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत न्यायचे, तापीकाठी घोडेबाजार भरतो तिथे. माणसं रात्री घोड्यांच्या शेजारीच शेकोटी करून झोपायची ते मला आठवतं, लीद, धूर आणि गवत यांचा एकत्र वास. पहिल्या रात्री तंबूत तोच वास आला. झोप अशी लागलीच नाही, बिजली रात्रभर उभी, कान सारखे फिरताहेत, कुठे खुट्ट झालं की मान वर, आणि मी दर तासाला टॉर्च घेऊन बाहेर. दुसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली तर चावण्याचा आवाज बंद. छातीत धस्स झालं, बाहेर आले तर ती पाय दुमडून चक्क बसली होती, हनुवटी जमिनीला टेकलेली, डोळे मिटलेले. अनोळखी जागी घोडा असा खाली बसतो तो पूर्ण निर्धास्त झाल्यावरच. मी लेकीला उठवलं, दोघी कुडकुडत बघत राहिलो.

गर्दीचं सांगायचं तर पानांचे रंग बदलायच्या सीझनमध्ये शनिवारी नॅशव्हिल गावात गाड्यांची रांग असते, सामान गुरुवारीच आणून ठेवा. निघताना साइटवरची लीद आणि सांडलेलं गवत आपणच उचलायचं, फावडं-काटा बरोबर हवा, ती जागा इतकी स्वच्छ आहे ती सगळे हे करतात म्हणूनच.

बुकिंग सहा महिने आधी उघडतं. पुढच्या ऑक्टोबरसाठी मी एप्रिलमधली तारीख कॅलेंडरवर लावून ठेवलीय, या वेळी चार रात्री, आणि शेजारच्या बाईंनाही तारीख कळवलीय.