समोर ठळक 'ओआरएस', मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'हे ओआरएस नाही'

२२५ रुपये. ४५ ला एक, अशी सफरचंदाच्या चवीच्या पेयाची पाच पाकिटं. त्यापाठोपाठ हॉस्पिटलचे १७,८६० आणि तपासण्यांचे २,३५०. शिवाय दहा महिन्यांच्या पोराच्या हाताला शीर सापडत नव्हती तेव्हा त्याला दाबून धरायचं काम माझ्याकडे आलं, ते वेगळंच. गोष्ट मे २०२५ मधली. आत्ता लिहितेय, कारण परवा भावजयीच्या फ्रीजमध्ये तसंच पाकीट दिसलं. 'बाळाला लागलं तर असावं' म्हणून ठेवलंय म्हणे!

बाळाला रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे जुलाब. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ओआरएस (जुलाबात अंगातलं पाणी आणि क्षार भरून काढणारं औषधी पाणी) चमच्याचमच्याने द्या, अंगावरचं दूध सुरू ठेवा, लघवीकडे लक्ष द्या, संध्याकाळी घेऊन या. नवऱ्याने मेडिकलमध्ये जाऊन "बाळासाठी ओआरएस द्या" असंच मागितलं. ज्यूस मागितला नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण नंतर आम्हाला तेच ऐकवलं गेलं. दुकानदार म्हणाला, "पावडर कशाला? रेडीमेड घ्या, मुलं आवडीने पितात, पाण्याचं प्रमाण चुकायची भीती नाही." पावडरची मोठी पुडी वीस-बावीस रुपयांना मिळते आणि तिचं लिटरभर पाणी होतं. रेडीमेडवर त्याला काय सुटत असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

सासूबाईंनी बोटावर घेऊन चाखलं. "अगं, हे तर सरबत! जलसंजीवनी खारट लागते." मी फटकन म्हणाले, "आई, डॉक्टरांनीच सांगितलंय." मी बँकेत काम करते. 'सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा' हे रोज दहा जणांना सांगते. आणि घरात एकच बाई खरं बोलत होती, तिला मी गप्प केलं. पण मला सांगा, पाकिटावर ओआरएस, विकणारा केमिस्ट, शेजारी ग्लुकोज पावडर आणि झिंकचं सिरप. अशा वेळी कोण चष्मा लावून पाठची बाजू वाचत बसतं? पोर ओकत असताना?

बाळ गटागटा प्यायलं. आम्ही खूश. जरा वेळाने जुलाब, नुसतं पाणी. जुलाब झाला की पुन्हा तेच पाजायचं, पुन्हा जुलाब. डायपर ओला लागतोय म्हणजे लघवी होतेय असं आम्ही धरून चाललो. पातळ जुलाबात लघवी वेगळी कळत नाही, हे आधी कुणी सांगितलं होतं का? दुपारी रडताना डोळ्यांत पाणी येईना, जीभ कोरडी, टाळू खोल गेलेली. मग दूध ओढायचंही सोडलं, नुसतं पडून राहिलं. संध्याकाळची वाट न बघता उचलून नेलं. तुम्हीही यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. उलटी हिरवी असेल किंवा शीमध्ये रक्त असेल, तर फोनही करत बसू नका, थेट जा.

डॉक्टरांनी पाकीट उलटं करून आमच्यासमोर धरलं. मागे, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात: हे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेलं ओआरएस नाही. साखर १०० मिलीला ११ ग्रॅम, म्हणजे एका २०० मिलीच्या पाकिटात २२. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, २०० मिलीला २.७. ग्लुकोज आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात असेल तर आतडं पाणी नीट आत घेतं. साखर इतकी जास्त झाली की ती उलट अंगातलं पाणी आतड्यात खेचते, जुलाब वाढतात. इन्फेक्शन कंपनीने दिलं नव्हतं, मान्य. पण घरी चमच्याने निभलं असतं ते सलाइनवर गेलं.

तक्रार करायला गेले. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या ऑफिसात औषधांच्या टेबलावर म्हणाले, हा खाद्यपदार्थ आहे, अन्नवाल्यांकडे जा. अन्नवाले म्हणाले, बिल? सीलबंद पाकीट? फोडलेल्याचा नमुना घेता येत नाही. आता सांगा, न फोडता पाजायचं कसं? शेवटी एक साहेब म्हणाले, "मॅडम, सूचना छापलीय ना? लेबल नियमात बसतं. तुम्ही वाचायला हवं होतं." आणि खरोखर बसत होतं! एप्रिल २०२२ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, असली नावं बंद केली होती आणि जुलैमध्ये तिनेच 'सूचना छापा आणि विका' अशी मुभा दिली. आजारी पोराच्या आईबापाने दुकानात उभं राहून खुलासा वाचायचा, अशी यांची ग्राहक-सुरक्षा. ऑनलाइन तक्रारीवर शेरा पडला, 'निकाली'. हेल्पलाइनवरून कंपनीपर्यंत गोष्ट गेली, तर त्यांनी सद्भावना म्हणून काय देऊ केलं माहितीय? त्याच पेयाचा एक खोका!

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या प्रकाराविरुद्ध आठेक वर्षं भांडत होत्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला एफएसएसएआयने ती मुभा काढून घेतली. पुढेमागे काहीही जोडून खाद्यपदार्थाच्या नावात ओआरएस वापरायचं नाही, असा आदेश निघाला. म्हणजे आम्ही वेडे नव्हतो. ते पत्रक लावून मी पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, खरेदी आदेशापूर्वीची आहे.

भावजयीचं पाकीट मी मोरीत ओतलं. घरात उरलेला जुना माल असेल तर तुम्हीही ओता. नाव बदलून आलेली 'इलेक्ट्रोलाइट' पेयंही बाळाच्या जुलाबावर नकोत. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असेल तर तो खाद्यपदार्थ, औषध नव्हे. 'ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स आयपी' असं लिहिलेलं मागा; आयपी म्हणजे भारतीय औषधसंहितेप्रमाणे बनवलेलं. मोठी पुडी १ लिटर पाण्यात अख्खी, लहान पुडी २०० मिलीत, अंदाजाने अर्धी कधीच नाही, आणि केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं. पाणी उकळून गार केलेलं घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा एकेक चमचा, आणखी सावकाश. झिंक डॉक्टरांना विचारून. पुडी सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळते, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. दुकानदाराने 'रेडीमेड' म्हटलं की पाकीट तिथेच, त्याच्यासमोर उलटं करा. आणि बिल घ्या. माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे ते २२५ रुपये सरकारच्या लेखी मी खर्चच केलेले नाहीत.