उघड्यावरच्या विमानाला बाहेरून कव्हर घ्यावं की आतून सनशील्ड?

हँगर, म्हणजे विमान ठेवायची शेड, मिळत असेल तर पुढचं वाचू नका. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये विमान उघड्यावर उभं ठेवायची वेळ येते त्यांच्यासाठीच हे लिहितोय. आमचं सेस्ना १७२, चार सीटचं छोटं विमान, जुनं, मित्रामित्रांत मिळून घेतलेलं. आधी कव्हर घेतलं, दोन उन्हाळे वापरलं, आता शील्डवर आलोय.

नुसत्या उन्हाचा विचार केला तर कव्हरच सरस, हे आधीच कबूल करतो. ऊन काचेपर्यंत पोचतच नाही म्हटल्यावर आत तापणार काय. कव्हर असताना दुपारी दोनला दार उघडलं तरी सीटबेल्टचं बकल हातात धरता यायचं, शील्ड असताना रुमाल लागतो. थर्मामीटर लावून कधी बघितलं नाही, आमचं माप हे बकलच. रेडिओ नि जीपीएसच्या स्क्रीनलाही कव्हरच जास्त मानवत असणार, आणि दाराच्या जुन्या रबरातून पाणी ठिबकत असेल तर पावसाळ्यात कव्हरला पर्याय नाही.

मग सोडलं का, तर वाऱ्यामुळं. होटगी रोडला विमानतळाच्या मोकळ्या मैदानात वाऱ्याला अडवायला काही नाही, पट्टे कितीही आवळा, कव्हर फडफडतच राहतं, आणि आपली धूळ तर माहितीच आहे, ती खालून शिरते, कापड नि काचेच्या मधे अडकते आणि दिवसभर पॉलिश पेपरसारखी घासत बसते. काच म्हणतो आपण, पण ते अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच, त्याला ओरखडा पडायला कितीसा वेळ लागतो. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा सकाळी टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवत नेताना) वळलो, सूर्य बरोबर समोर आला आणि अख्खी विंडशील्ड कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी झाली, समोरचं काही दिसेना. जागेवर ब्रेक मारून थांबलो. नंतर पॉलिश करून घेतलं, थोडं गेलं, सगळं नाही गेलं. त्यात एकट्यानं कव्हर चढवायचं म्हणजे पोटाखालून पट्टा पलीकडं टाका, मग फिरून जाऊन ओढा, तोवर अलीकडची बाजू उडालेली. विमान उडवायचा उत्साह तिथंच निम्मा.

शील्ड दोन मिनिटांत लागतं. त्याचीही कटकट आहे, उन्हात सक्शन कप सुटतात आणि दुपारी बघावं तर एक बाजू लोंबतेय. काचेला अगदी चिकटवून बसवू नका, मधे उष्णता कोंडते नि ती अ‍ॅक्रिलिकला सोसत नाही म्हणतात, मी बोटभर जागा सोडतो. मॅग्नेटवालं तर नकोच, कंपास तिथंच आहे. पॅनेलवर वरून घरची जुनी सोलापुरी चादर टाकतो, हसतात लोक, हसू देत. उडण्याआधी ती घडी करून मागं बांधून ठेवायची मात्र, पेडलमधे अडकली तर हसणं बाजूलाच राहील.

पिटोचं, म्हणजे वेग मोजायच्या नळीचं, कव्हर दोन्हींत वेगळंच लागतं, ते विसरू नका, कुंभारमाशीला मातीचं घर करायला तेवढं भोक पुरतं.

काच पुसायची पद्धत कुठलंही घेतलं तरी तीच. आधी भरपूर पाणी, हातानं धूळ ढिली करायची (अंगठी काढून), मग मऊ कापड, सरळ रेषेत, गोल गोल नाही. घरचा अमोनियावाला ग्लास क्लीनर चुकूनही नको. पाणी टिपायला आपला सोलापुरी टॉवेल झकास, फक्त नवा कोरा नको, चार-पाचदा धुतलेला घ्या.

विमान महिनोन्‌महिने उभंच राहणार असेल तर कव्हर घ्या बापडे, पण काच धुतल्याशिवाय चढवू नका. आठवड्यातून दोनदा उडत असाल तर माझ्या मते शील्ड. आमचं कव्हर आता पावसाळ्यापुरतंच निघतं, मागच्या वेळी धुतलं तेव्हा बादलीच्या तळाला बोटभर माती बसली होती.