‘डिजिटल’ टीव्ही कार्ड घेताय? आधी हे वाचा

मुंबईतली ॲनालॉग केबल, म्हणजे बॉक्सशिवाय थेट टीव्हीला लागणारी जुनी केबल, ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री बंद झाली. मग पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूरचा नंबर लागला, मुदत होती ३१ मार्च २०१३. कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणाऱ्या कार्डांचा मुंबईत जो माल खपायचा राहिला, तो तिकडे सरकणार होता. त्यात मला विकलं गेलेलं कार्ड असणारच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमची खोली दहा बाय बाराची. टीव्हीला वेगळी जागा नाही, त्यामुळे कॉम्प्युटरमध्येच टीव्ही ट्यूनर कार्ड. बातम्या, मॅच, आईच्या मालिका, सगळं मॉनिटरवर. केबलची वायर कार्डाच्या मागे खुपसायची, स्कॅन मारायचं, की चॅनल हजर. केबलवाल्याचा पोरगा सेट टॉप बॉक्सचा फॉर्म देऊन गेला तेव्हा प्रश्न पडला, बॉक्सचं आणि कॉम्प्युटरचं जमवायचं कसं? हे विचारायला मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो.

दुकानदाराकडे उत्तर तयार होतं. “बॉक्स कशाला घेता साहेब? बॉक्समध्ये जे असतं तेच ह्या कार्डात. वायर लावा, डायरेक्ट डिजिटल. बॉक्सचं भाडं वाचलं!” खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डिजिटल’. वर त्याने दुकानातली केबल जोडून चालवूनही दाखवलं. चॅनल भराभर येत गेले. मी २,८०० रुपये मोजले. साधं कार्ड तेव्हा याच्या निम्म्यात मिळत होतं.

खरी मेख त्या डेमोतच होती. ऑक्टोबर संपेपर्यंत एकाच वायरीतून जुना ॲनालॉग आणि नवा डिजिटल असे दोन्ही सिग्नल येत होते. कार्डाने पकडला तो जुना. त्या दिवसांत कुठलंही कार्ड तसंच चाललं असतं, माझ्या घरातलं जुनंसुद्धा. पुण्या-नाशकाकडे ३१ मार्च २०१३ पर्यंत हीच परिस्थिती असणार होती. म्हणून सांगतो, दुकानात चालून दाखवलं म्हणून खूश होऊ नका. खोकं उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. माझ्या खोक्यावर ‘पाल बी/जी’ छापलं होतं, हे जुन्या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीचं नाव, म्हणजे निव्वळ ॲनालॉग. पुढचं ‘डिजिटल’ रेकॉर्डिंगपुरतं: कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवता येतो, बस्स.

१ नोव्हेंबरला सकाळी मॉनिटरवर मुंग्या. स्कॅन पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलं आणि यादी रिकामी. दुकानात गेलो तर म्हणे, “तुमच्या केबलवाल्याचा सिग्नल वीक आहे, बूस्टर लावा.” बूस्टरचे ३५० वेगळे. बूस्टर लावल्यावर मुंग्या जास्त ठसठशीत दिसायला लागल्या, एवढाच फरक. पुन्हा गेलो तेव्हा त्याने ड्रॉवरमधून एक सीडी काढली. म्हणे, हा पॅच टाकला की लॉक केलेले चॅनल उघडतात, ५०० रुपये. ती मी घेतली नाही.

ऑफिसातल्या एका मित्राकडे खरंखुरं डीव्हीबी-सी कार्ड आहे, भावाने परदेशातून पाठवलेलं. डिजिटल केबल ज्या पद्धतीने येते त्याच पद्धतीचं. ते आणून लावलं. या वेळी स्कॅनमध्ये चॅनलची नावं एकाखाली एक झरझर उमटत गेली, मराठी चॅनलसुद्धा सगळे. आई खुर्ची ओढून पुढे बसली. नावावर क्लिक केलं की मात्र काळी चौकट, ना चित्र ना आवाज.

कारण साधं आहे. केबल टीव्ही कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनंतर केबलवाल्याने चॅनल कुलूपबंद करूनच पाठवायचे, असा कायदाच आहे. किल्ली असते सेट टॉप बॉक्समध्ये, आणि तो बॉक्स तुमच्या नावावर चालू केलेला असतो. रस्त्यावर विकत मिळणाऱ्या कार्डात ती किल्ली येणार कुठून? “बॉक्सशिवाय चालेल” म्हणणारा एकतर थाप मारतोय, नाहीतर चोरीचा धंदा करतोय.

मग कॉम्प्युटरवर टीव्ही बघता येतच नाही का? येतो की. बॉक्स घ्यायचा, केबल बॉक्सला जोडायची, आणि बॉक्सच्या मागच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना ट्यूनर कार्डाच्या एव्ही इनपुटमध्ये लावायच्या. काही कार्डांना फक्त पिवळी जागा असते, तिथे आवाजाची वायर साउंड कार्डाच्या लाइन-इनला द्यायची. सॉफ्टवेअरमध्ये ‘टीव्ही’ऐवजी ‘कॉम्पोझिट’ निवडलं की चित्र येतं. चॅनल बदलायचा तो बॉक्सच्या रिमोटने. टायमर लावून रेकॉर्डिंग करत असाल तर बॉक्स चालू आणि हव्या त्या चॅनलवर ठेवूनच बाहेर पडा, कारण कार्डाला आता चॅनल बदलता येत नाही. माझ्या जुन्या कार्डाला या पिनांची जागा होतीच. म्हणजे २,८०० चं काही घ्यायची गरजच नव्हती.

पैशांचं म्हणाल तर बूस्टर त्याने कुरकुरत परत घेतला. कार्डाला हात लावायला तयार नाही. ग्राहक मंचात एवढ्या रकमेच्या दाव्याला तेव्हा फी फक्त १०० रुपये होती, पण हातात कागद काय? साध्या चिठ्ठीवर ‘टीव्ही कार्ड – १ नग’, ना शिक्का ना ‘डिजिटल’ शब्द. “टीव्ही कार्ड विकलं, टीव्ही कार्डच दिलं,” हे त्याचं म्हणणं. तक्रार तरी करणारच आहे, दुकानातलं बोलणं ऐकलेला शेजारी साक्षीला यायला तयार आहे.

तुम्ही मात्र पैसे देण्याआधी पक्कं बिल मागा आणि त्यावर ‘सेट टॉप बॉक्सशिवाय डिजिटल केबल चालेल’ असं लिहून घ्या. माझ्या मावसभावाने पुण्यात हेच मागितलं. दुकानदाराने खोकं उचलून परत फळीवर ठेवलं आणि पेन ड्राइव्ह दाखवायला लागला.