फायेट की फोर्ट विल्किन्स?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या अपर पेनिन्सुलात, म्हणजे उत्तरेकडच्या द्वीपकल्पात, तळ्याकाठी तंबू ठोकायचा आणि सोबत इतिहासही हवा, तर हे दोन स्टेट पार्क.

फायेट म्हणजे लेक मिशिगनकाठचं ओस पडलेलं कारखान्याचं गाव. १८६७ ते १८९१ या काळात जॅक्सन आयर्न कंपनी इथे लोणारी कोळशावर कच्चं लोखंड गाळायची. धंदा बसला आणि गाव उठलं. भट्ट्या, हॉटेल, काही घरं आणि बंदरामागचा चुनखडीचा उंच कडा मात्र आहे तिथेच आहे. दिवसाची गर्दी ओसरल्यावर कॅम्पमधून चालत तिथे जावं, खरी मजा तेव्हाच. वीज मिळते, पण शॉवर नाही आणि संडास खड्ड्याचे.

फोर्ट विल्किन्सला शॉवर आहेत, मुक्काम फॅनी हू तळ्याच्या काठी. तांब्याच्या खाणींसाठी झुंबड उडाली तेव्हा, १८४४ मध्ये, हा किल्ला बांधला. दोनच वर्षांत सैन्य निघून गेलं. आपल्या गडांची सवय असलेल्यांना तो लाकडी कुंपणातली चाळच वाटेल! शेजारच्या लेक सुपीरियरचं पाणी ऐन उन्हाळ्यातही गारठवतं.

लहान मुलं सोबत असतील तर विल्किन्स. नाहीतर मी फायेटच निवडेन, दोन दिवस अंघोळ चुकली तरी.