स्ट्रॅटचा वायरिंग किट: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

स्ट्रॅटसाठी (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी) नवे पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून विजेचा सिग्नल देणारे चुंबक आणि तारेची वेटोळी, मागवले की दुकानदार सोबत ‘अपग्रेड किट’ही सुचवतो. त्यात काय असतं ते जवळजवळ ठरलेलं आहे: सीटीएसचे 250केचे (250 किलोओहमचे) तीन पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे पोटेन्शिओमीटर), ओक ग्रिग्सबी किंवा सीआरएलचा फाइव्ह-वे स्विच (कुठला पिकअप वाजायचा ते निवडणारा), स्विचक्राफ्टचा जॅक, टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरडचा ऑरेंज ड्रॉप कपॅसिटर आणि कापडी वेष्टणाची वायर. माल चांगलाच असतो, तरी सगळा किट सगळ्यांनी घ्यावा असं नाही. स्विच आणि जॅकवर घातलेले पैसे वसूल होतात, कपॅसिटरवरचे होत नाहीत. पॉटचं मात्र आधी गणित करावं लागतं.

पॉटच्या ब्रँडपेक्षा त्याचा आकडा महत्त्वाचा. आवाज पूर्ण उघडा असतानाही पॉट पिकअपला समांतर भार म्हणून बसलेलाच असतो. 250केचा व्हॉल्यूम आणि 250केचा टोन मिळून भार होतो 125के. दोन्ही 500केचे असले तर 250के. आकडा जितका मोठा, तितका भार हलका आणि वरची धार मोकळी. म्हणून सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) 250के आणि हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या, जाड आवाजाच्या पिकअपला) 500के ही रूढ जोडी. उलट केलं तर सिंगल कॉइल कानाला टोचतो आणि हंबकर घोंगडी पांघरल्यासारखा वाजतो. आणि मग पिकअपलाच नावं ठेवली जातात!

साध्या कार्बन पॉटमध्ये 20 टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ‘250के’ छापलेला पॉट 200 ही निघतो आणि 300 ही. विकत घेताना बाहेरच्या दोन पायांवर मल्टिमीटर लावून पाहावं. व्हॉल्यूमला ए टेपर हवा, म्हणजे कानाला आवाज एकसारखा वाढतोय असं वाटणारा लॉगरिदमिक पॉट. ‘बी250के’ लिहिलेला लिनियर पॉट लावला तर नॉब बराच फिरवूनही फारसा फरक कळत नाही आणि शेवटच्या टप्प्यात आवाज एकदम कोसळतो. गिटारमधले जुने पॉट खरखरत नसतील आणि आकडा बरोबर दाखवत असतील, तर ते बदलून नवा आवाज मिळणार नाही.

बसवण्याची अडचण वेगळीच. सीटीएसच्या पॉटचा आट्यांचा भाग 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. आशियाई बनावटीच्या गिटारमध्ये 16 मिमीचे छोटे पॉट असतील, तर पिकगार्डची (पॉट आणि पिकअप ज्यावर बसतात त्या प्लास्टिकच्या पट्टीची) भोकं 7-8 मिमीचीच असतात. ती रीमरने हळूहळू मोठी करावीत. ड्रिलचा मोठा बिट थेट घातला तर प्लास्टिक तडकतं. जुने नॉबही बसत नाहीत, कारण सीटीएसच्या दांड्यावर 24 बारीक दाते असतात आणि आशियाई पॉटवर 18 जाड. नॉब जबरदस्तीने ठोकला की चिरतो. म्हणजे किटच्या किमतीत नॉबही धरायचे.

ब्रिजला (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) हंबकर आणि पुढे, मिडल व नेकला, दोन सिंगल कॉइल अशी एचएसएस मांडणी असेल, तर 250केचा हा किट घेऊच नये. व्हॉल्यूम 500केचा लावून सिंगल कॉइलच्या हॉट (सिग्नलची वायर) आणि ग्राउंडमध्ये (अर्थची वायर) 470केचा रेझिस्टर जोडावा. दोन्ही मिळून 242के होतात. इथे एक मेख आहे. नेक आणि मिडल दोघांना स्वतंत्र रेझिस्टर दिला, तर दोन्ही एकत्र वाजणाऱ्या जागेवर आकडा 160केपर्यंत उतरतो आणि आवाज थोडा मऊ होतो. बहुतेकांना तो तिथे आवडतोच.

स्विच मात्र घ्यावा. स्वस्त गिटारमधला बंद डब्यासारखा स्विच साफही नीट करता येत नाही. ओक ग्रिग्सबीचे संपर्क उघडे असतात, स्प्रिंग कडक असते, जागा ठामपणे कळते. दोन्हींना पाय आठच, पण डब्याच्या स्विचला ते एका ओळीत आणि याला दोन बाजूंना चार-चार. जुनी वायर जशीच्या तशी हलवली की घोटाळा ठरलेला. आधी फोटो काढा, मग कुठला पाय कुठल्या जागेवर जोडला जातो ते मल्टिमीटरने तपासा. हात घातलाच आहे तर टोनच्या बाजूला ब्रिज आणि मिडलचे पाय छोट्या तारेने जोडून टाका. पारंपरिक स्ट्रॅटमध्ये ब्रिजला टोनच नसतो, आणि सगळ्यात कर्कश तोच.

स्विचक्राफ्टचा जॅक वर्षानुवर्षं घट्ट राहतो. नट आवळताना जॅक आतून धरा, नाहीतर तो फिरून वायर तोडतो.

ऑरेंज ड्रॉप दिसतो छान. पण तो शेकडो व्होल्टसाठी बनवलेला, गिटारचा सिग्नल जेमतेम व्होल्टभर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘473’ (म्हणजे 0.047) छापलेला पॉलिएस्टर कपॅसिटर काही रुपयांत मिळतो आणि तेच काम करतो. हंबकरला ‘223’, म्हणजे 0.022.

सोल्डरिंगमध्ये बहुतेक चुका पॉटच्या पाठीवर होतात. घरोघरी असलेली 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न तिथे कमी पडते. मग ती दहा-पंधरा सेकंद दाबून धरली जाते, जोड तरीही ड्राय (नीट न चिकटलेला) राहतो आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो. 40 ते 60 वॉट, चपटा बिट, 60/40 रोझिनचं सोल्डर. पाठ आधी पॉलिश पेपरने घासून घ्यावी. तीन-चार सेकंदांत सोल्डर पसरलं पाहिजे. ट्रेमोलोच्या क्लॉला (मागच्या बाजूला ब्रिजच्या स्प्रिंगा धरणाऱ्या धातूच्या पट्टीला) जाणारी अर्थची वायर विसरली, तर तारांना हात लावल्यावरही हम कमी होत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप मिसळणार असाल तर फेज, म्हणजे त्यांचे सिग्नल एकाच दिशेने जातात का ते, आधी तपासा. मल्टिमीटर 20केवर ठेवून हॉट-ग्राउंडला लावा, पोलवर (पिकअपच्या चुंबकाच्या टोकावर) लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचला आणि आकडा वर उसळतो की खाली ते बघा. सगळ्यांचा एकाच दिशेला जायला हवा. न तपासता जोडलं तर दोन पिकअप एकत्र आल्यावर आवाज पोकळ, नाकातला येतो. हंबकरच्या वायरींचे रंगही सारखे नसतात: सीमोर डंकनमध्ये काळी हॉट आणि पांढरी-लाल एकत्र, डिमार्झिओमध्ये लाल हॉट आणि काळी-पांढरी एकत्र. दोन्हींत हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला.

ईएमजीसारखे ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप घ्यायचे असतील तर यातलं फारसं काही उपयोगी नाही. त्यांना 25केचे पॉट आणि प्लग काढल्यावर बॅटरी तोडणारा स्टिरिओ जॅक लागतो, आणि तो सोबतच येतो. ब्रिजची अर्थही जोडायची नसते. 9 व्होल्टच्या बॅटरीला आत जागा आहे का, तेवढं पिकगार्ड उघडून आधी बघावं.